श्वासाचे मोजमाप
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक दृश्य दिसत होते. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून, घड्याळाकडे नजर ठेवून, घरातील माणसे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा मिनिटे येरझारा घालीत होती. राज्याच्या आरोग्य विभागानेच तसे आवाहन केले होते. चालण्यापूर्वी ऑक्सिजनची नोंद घ्यावी, सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावे आणि पुन्हा नोंद घ्यावी. आकडा ९३ च्या खाली गेला, आधीच्यापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक उतरला किंवा दम लागला, तर रुग्णालय गाठावे, अशी ती सूचना होती. साठीच्या पुढील व्यक्तींनी सहाऐवजी तीन मिनिटे चालावे आणि दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये, हेही त्यात सांगितले होते.

लाट ओसरली, ऑक्सिमीटर कपाटात गेले आणि ती सहा मिनिटेही विस्मरणात गेली. परंतु ही चाचणी कोरोनासाठी जन्मलेली नव्हती. फुप्फुसांच्या जुनाट विकाराने माणसाची किती शक्ती हिरावली आहे, हे जाणण्यासाठी वैद्यकशास्त्र ती कित्येक दशके वापरीत आले आहे. फुंकर मारण्याची एक परीक्षा आणि चालण्याची एक परीक्षा, अशा या दोन साध्या साधनांचा परिचय करून देणे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जैन परंपरेला श्वासाच्या मोजणीचे नावीन्य नाही. कायोत्सर्गात सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणण्याची रीत घरोघरी परिचित आहे. कालगणनेतही ३७७३ उच्छ्वासांचा एक मुहूर्त मानलेला आहे. श्वासाचे मोल ज्यांच्या आचारात आहे, त्यांच्याच घरातील वडीलधाऱ्यांचा श्वास मात्र वर्षानुवर्षे न मोजता राहतो, ही खेदाची गोष्ट आहे.

न बोलता होणारी हानी

या विकाराचे पहिले लक्षण तक्रार हे नसून माघार हे असते. निसर्गाने फुप्फुसांना मोठी शिल्लक दिलेली आहे. बसल्या जागी माणसाला तिचा अल्पसा भागच लागतो. त्यामुळे बरीच शक्ती गमावेपर्यंत बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. जाणवते ते चालताना व चढताना. आणि तेव्हा माणूस वैद्याकडे जाण्याऐवजी चालणे व चढणेच कमी करतो.

शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची पर्वतवंदना पूर्वी पायी केलेले गृहस्थ पुढच्या खेपेस डोली ठरवतात. त्यानंतर ‘आता खालूनच दर्शन’ असे म्हणतात. पुढे कुंथलगिरीची लहानशी टेकडीही टाळली जाते. मंदिरात वरच्या मजल्यावरील कार्यक्रमाला येणे बंद होते. पंढरीच्या वाटेवर दरवर्षी चालणारा शेजारी एक वर्ष गाडीने जातो आणि नंतर जातच नाही. प्रत्येक वेळी कारण एकच दिले जाते: ‘वय झाले.’ घरच्यांनाही ते पटते. वयाबरोबर थोडी शक्ती कमी होते हे खरे. परंतु बरोबरीची माणसे पुढे निघून जातात आणि एकच माणूस मागे राहतो, तेव्हा ते केवळ वय नसते.

या माघारीचा परिणाम असा होतो की, रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तेव्हा निम्मी शक्ती आधीच गेलेली असते. गेलेली शक्ती औषधाने पुरती परत येत नाही. म्हणूनच वेळीच मोजमाप करण्याला महत्त्व आहे.

विकार कोणता आणि सोलापुरात का?

सर्वसामान्यपणे ज्याला ‘जुना दमा’ किंवा ‘जुना खोकला’ म्हणतात, त्यातील मोठा भाग डॉक्टर सी.ओ.पी.डी. या नावाने ओळखतात. धूर व धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने श्वासनलिकांना सूज येते, त्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात. हवा आत जाते, पण सहज बाहेर पडत नाही. खरा दमा याहून वेगळा असतो. त्यात नलिका आकुंचन पावतात, तशाच पुन्हा मोकळ्याही होतात.

देशातील रोगभाराच्या अभ्यासानुसार भारतात या विकाराचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाखांवर गेले. त्याच वर्षी देशातील एकूण मृत्यूंपैकी १०.९ टक्के मृत्यू श्वसनाच्या जुनाट विकारांनी झाले.

‘आमच्या घरात कोणी विडी-सिगारेट ओढत नाही, तेव्हा आम्हाला भीती नाही,’ असा समज जैन समाजात विशेष आढळतो. तो चुकीचा आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगभरच्या संशोधनाचा आढावा घेतला. या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज त्यांनी मांडला. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग, बालपणी वारंवार झालेले छातीचे आजार आणि हवेचे प्रदूषण ही त्यामागची कारणे होत. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल हेही त्यातलेच. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे.

सोलापूरच्या बाबतीत ही यादी वाचताना शहराचा इतिहासच डोळ्यांपुढे येतो. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे हे गिरण्यांचे गाव झाले. गिरण्यांनंतर यंत्रमागांची धडधड राहिली. चादर आणि टॉवेल देशोदेशी गेले. विड्या वळणाऱ्या हजारो भगिनींच्या घरांत तंबाखूची भुकटी उठते. आसपासच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या तुरीच्या काट्या, पळाट्या आणि गोवऱ्या यांवर स्वयंपाक झाला. आज घरात गॅस आलेला असला, तरी ज्या माउलीने तीस वर्षे चुलीपुढे फुंकणी धरली, तिच्या फुप्फुसांतील हिशेब अजून मिटलेला नाही.

गिरणीतील पहिला दिवस

कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस असे नाव आहे. सूतगिरणीत कापूस पिंजण्याच्या व विंचरण्याच्या खात्यांत धूळ सर्वांत अधिक असते. तेथील कामगाराला साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि आठवड्याच्या पुढील दिवसांत ते कमी होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी याच लक्षणावरून विकाराच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे विकार वाढला की, त्रास रोजचाच होतो आणि मग तो सी.ओ.पी.डी.पासून वेगळा ओळखणे कठीण जाते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा या दृष्टीने अभ्यास केला. हे दोन विकार परस्परांपासून वेगळे कसे ओळखावेत, यावरचा त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. येथे फुंकर मारण्याची परीक्षा उपयोगी पडते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी आणि पाळी संपल्यावर, अशी दोनदा फुंकर मोजतात. सायंकाळचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा लक्षणीय उतरला, तर दोष त्या खात्यातील हवेत आहे, याचा पुरावा हाती येतो. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीच्या या आजाराला व्यावसायिक आजार म्हणून स्थान मिळाले होते. परंतु नोंद नसलेल्या त्रासाला भरपाई मिळणे अवघड असते. मोजमाप केवळ औषधासाठी नसते, न्यायासाठीही असते.

धापेच्या पाच पायऱ्या

मोजमापाची पहिली पायरी यंत्राशिवायची आहे. ब्रिटनमध्ये डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी १९५० च्या दशकात, धाप मोजण्यासाठी काही साधे प्रश्न ठरवले. त्यांचे आज प्रचारात असलेले रूप शून्य ते चार अशा पाच पायऱ्यांचे आहे.

शून्य: केवळ कष्टाच्या कामात दम लागतो.
एक: सपाटीवर घाईने चालताना किंवा लहान चढ चढताना दम लागतो.
दोन: सपाटीवर समवयस्कांपेक्षा हळू चालावे लागते, किंवा आपल्याच गतीने चालतानाही दम खायला थांबावे लागते.
तीन: सपाटीवर सुमारे शंभर मीटर किंवा काही मिनिटे चालले की थांबावे लागते.
चार: धापेमुळे घराबाहेर पडवत नाही, किंवा कपडे घालता-काढतानाही दम लागतो.

दुसऱ्या पायरीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘चालताना त्रास होतो का?’ असे विचारले, तर बहुतेक वडीलधारी माणसे ‘नाही’ म्हणतात. कारण त्यांनी आपली गती आधीच कमी केलेली असते. त्याऐवजी ‘देवळातून परत येताना बरोबरीचे लोक पुढे जातात का?’ असे विचारावे. दुसऱ्या वा त्यापुढील पायरीवरील व्यक्तीची तपासणी लांबणीवर टाकू नये.

फुंकरीची परीक्षा

१८४६ साली लंडनमधील डॉ. जॉन हचिन्सन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या उलट्या भांड्याचे एक यंत्र वैद्यकसभेपुढे मांडले. छाती भरून घेतलेला श्वास नळीत सोडला की भांडे वर उचलले जाई आणि हवा किती निघाली हे कळे. खलाशी, मल्ल, अग्निशामक दलाचे जवान, भिकारी अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास त्यांनी मोजले. त्यांच्या या यंत्राला स्पायरोमीटर हे नाव मिळाले. परंतु हवा किती निघते यापेक्षा किती वेगाने निघते हे महत्त्वाचे आहे, हा विचार पुढे आला तो १९४७ साली फ्रान्समधील रॉबेर तिफनो यांच्यामुळे. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आजच्या परीक्षेचा कणा आहे.

आजचे यंत्र लहान असते आणि परीक्षा काही मिनिटांत होते. रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवतात आणि नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरून घेऊन, नळी ओठांत घट्ट धरून, एकदम जोराने फुंकायचे असते आणि फुप्फुसे रिकामी होईपर्यंत फुंकतच राहायचे असते. हे किमान तीनदा करतात आणि त्यांतील फुंकरी एकमेकींशी जुळाव्या लागतात. नंतर श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पंपाने देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. सुरुवात मिळमिळीत झाली, ओठांच्या कडेने हवा निसटली किंवा फुंकर मध्येच सोडली, तर आकडा खोटा येतो. त्यामुळे ‘जोरात, आणखी, आणखी’ असे ओरडून सांगणारा तंत्रज्ञ रागीट नसतो. तो आपले काम चोख करीत असतो.

निकाल दोन टप्प्यांत वाचतात. एकूण निघालेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती निघाली, हे प्रथम पाहतात. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर श्वासमार्गात कायमचा अडथळा आहे असे मानतात. मग त्या पहिल्या सेकंदातील हवेची तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी स्त्री वा पुरुषाच्या अपेक्षित आकड्याशी करतात. अपेक्षेच्या ८० टक्के वा अधिक असेल तर विकार सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र आणि ३० च्या खाली अतितीव्र. उदाहरणार्थ, ज्याच्याकडून पहिल्या सेकंदात २.४ लिटरची अपेक्षा आहे त्याने १.२ लिटर हवा सोडली, तर तो ५० टक्क्यांवर, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर आहे. अपेक्षित आकडा कोणत्या लोकसमूहावरून काढलेला आहे, हेही पाहावे लागते. युरोपीय माणसांचे प्रमाण भारतीयाला लावले, तर त्याची फुप्फुसे आहेत त्यापेक्षा दुबळी दिसतात.

औषधानंतर आकडा चांगलाच वर आला, तर विकार दम्याकडे झुकणारा असू शकतो आणि उपचाराची दिशा बदलते. हा भेद केवळ छातीला नळी लावून नेहमी कळत नाही. एक्स-रे क्षयरोग किंवा गाठ शोधण्यासाठी आवश्यक असतो, परंतु सी.ओ.पी.डी.च्या आरंभी तो स्वच्छ दिसू शकतो. ‘फोटो चांगला आहे’ म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात.

यंत्र नसेल तेथे डॉक्टरांपाशी जुन्या युक्त्या आहेत. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून जोराची फुंकर ऐकायची. ती सहा सेकंदांहून लांबली तर अडथळ्याचा संशय घ्यायचा. तोंडापासून सुमारे पंधरा सेंटिमीटरवर धरलेली पेटती काडी, ओठ न आवळता, उघड्या तोंडाने विझवायला सांगायची. ती विझली नाही, तर अडथळा बराच आहे असे समजायचे. पीक फ्लो मीटर नावाची स्वस्त नळी दम्यातील रोजचा चढउतार पाहण्यास उत्तम, मात्र सी.ओ.पी.डी.ची तीव्रता ठरवण्यास ती पुरेशी नाही. या सर्व युक्त्या संशय दाखवतात, निदान करीत नाहीत. ‘दहा सेकंद श्वास रोखता आला की फुप्फुसे ठणठणीत’ हा २०२० साली भ्रमणध्वनीवर फिरलेला संदेश तर निखालस खोटा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याचे खंडन केले होते.

चालीची परीक्षा

फुंकरीची परीक्षा फुप्फुसांची अवस्था सांगते. माणसाची अवस्था सांगण्यास ती अपुरी पडते. सारखाच आकडा असलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाजारहाट करतो आणि दुसरा ओट्यावर बसून असतो. हा फरक चालण्याच्या परीक्षेत दिसतो.

अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली जवानांची क्षमता पाहण्यासाठी बारा मिनिटे धावण्याची परीक्षा प्रसिद्ध केली. १९७६ साली ब्रिटनमध्ये डॉ. मॅकगॅव्हिन व सहकाऱ्यांनी श्वसनाच्या जुनाट रुग्णांसाठी धावण्याऐवजी बारा मिनिटे चालणे योजले. थकलेल्या माणसाला बारा मिनिटेही जड जात. १९८२ साली डॉ. बटलंड व सहकाऱ्यांनी सहा मिनिटांतही जवळजवळ तेच कळते असे दाखवले. २००२ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने या परीक्षेचे नियम बांधून दिले.

नियम साधे असले तरी काटेकोर आहेत. तीस मीटर लांबीचा सपाट, सरळ मार्ग हवा आणि दोन्ही टोकांना वळण्याची खूण हवी. रुग्णाने आधी दहा मिनिटे बसून विश्रांती घ्यावी. नेहमीची पादत्राणे आणि नेहमीची काठी चालते. सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचे, पण धावायचे नाही. दम लागला तर थांबावे, भिंतीला टेकावे, पुन्हा निघावे. घड्याळ मात्र थांबत नाही. परीक्षकाने बरोबर चालू नये, कारण रुग्ण त्याची गती पकडतो. दर मिनिटाला ठरावीक शब्दांत धीर द्यावा. जास्त प्रोत्साहन दिल्यानेही अंतर वाढते आणि तुलना बिघडते. आधी व नंतर नाडी, ऑक्सिजन आणि धाप यांची नोंद घ्यावी. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीतील कळ स्थिर नसेल, तर ही परीक्षा करू नये. छातीत दुखणे, असह्य धाप, पाय लटपटणे, दरदरून घाम किंवा चेहरा पांढरा पडणे यांपैकी काहीही दिसताच ती थांबवावी. म्हणूनच आजारी माणसाची ही परीक्षा वैद्यकीय देखरेखीखाली व्हावी.

निरोगी प्रौढ व्यक्ती सहा मिनिटांत साधारण ४०० ते ७०० मीटर चालते. वय, उंची, वजन आणि स्त्री-पुरुष भेद यांनुसार यात फरक पडतो. जुनाट विकाराच्या रुग्णाचे अंतर ३५० मीटरच्या खाली गेले, तर ते चिंतेचे लक्षण मानतात. एकाच रुग्णाच्या दोन परीक्षांत सुमारे ३० मीटरांचा फरक पडला, तर त्याची प्रकृती खरोखर बदलली आहे असे समजतात. बसल्या जागी ज्याचा ऑक्सिजन ९५ दिसतो, त्याचा आकडा चालताना ८५ वर उतरू शकतो. २०२१ साली घरोघरी शोधला गेला तो हाच लपलेला उतार होय.

जेथे तीस मीटरचा मार्ग नाही तेथे एका मिनिटाची ऊठबस पाहतात. हात नसलेल्या खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता, एका मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, हे मोजतात. फुप्फुसाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिने चढवून पाहण्याचीही पद्धत आहे. बावीस मीटरांहून अधिक उंची न थांबता चढणाऱ्याला शस्त्रक्रियेचा धोका कमी असतो.

चार आकड्यांचा मेळ

२००४ साली डॉ. बार्तोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व परीक्षा एकत्र गुंफल्या. उंचीच्या मानाने वजन, फुंकरीचा आकडा, धापेची पायरी आणि सहा मिनिटांतील अंतर या चार गोष्टींना गुण देऊन शून्य ते दहा असा ‘बोड’ निर्देशांक त्यांनी तयार केला. गुण जितके अधिक, तितका धोका अधिक. शेकडो रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा केल्यावर असे दिसले की, आयुर्मानाचा अंदाज केवळ फुंकरीच्या आकड्यापेक्षा या निर्देशांकाने अधिक चांगला बांधता येतो.

उदाहरणार्थ, दोन गृहस्थांचा फुंकरीचा आकडा सारखाच, ५० टक्के आहे, असे समजू. पहिल्याचे वजन उंचीला साजेसे आहे, घाईने चालतानाच त्याला दम लागतो आणि सहा मिनिटांत तो ४२० मीटर चालतो. त्याला दहापैकी एकच गुण मिळतो. दुसरा वाळलेला आहे, सपाटीवर मागे पडतो आणि ३०० मीटरच चालतो. त्याचे गुण चार होतात. फुंकरीच्या कागदावर दोघे सारखे, पण धोक्यात सारखे नाहीत. यातील वजन व चाल या दोन गोष्टी प्रयत्नाने सुधारता येतात.

मोजून काय मिळते?

‘रोग बरा होणार नसेल, तर मोजून काय करायचे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चार प्रकारे देता येते.

पहिले, ऱ्हास मंदावता येतो. डॉ. फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील नोकरदार पुरुषांची काही वर्षे मोजणी करून १९७७ साली दाखवले की, धूम्रपान सोडल्यावर गेलेली शक्ती परत येत नसली, तरी पुढील घसरण जवळजवळ धूम्रपान न करणाऱ्याइतकी संथ होते. चाळिशीत सोडणाऱ्याला याचा लाभ सर्वांत अधिक. साठीत सोडणाऱ्यालाही तो मिळतोच. चूल, धूळ आणि कॉइल यांच्याबाबतीतही कारणापासून दूर होणे हाच पहिला उपचार आहे.

दुसरे, चाल वाढवता येते. सहा ते आठ आठवडे देखरेखीखाली नियमित चालणे, पायांचे व हातांचे व्यायाम आणि श्वास सोडण्याचे योग्य तंत्र शिकवले, तर फुंकरीचा आकडा जागचा हलत नाही, पण चालण्याचे अंतर वाढते आणि धाप कमी होते. फुप्फुसे तीच राहतात, पाय मात्र कमी प्राणवायूत अधिक काम करायला शिकतात. धापेच्या भीतीने बसून राहणे म्हणूनच घातक आहे. बसल्याने स्नायू खंगतात आणि खंगलेल्या स्नायूंमुळे धाप आणखी वाढते.

तिसरे, महागडा उपचार योग्य माणसाला मिळतो. ज्यांचा ऑक्सिजन विश्रांतीतही फार कमी, साधारण ८८ किंवा त्याखाली असतो, त्यांनी दिवसातून पंधरा तासांहून अधिक घरी ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. किंचित कमी ऑक्सिजन असलेल्यांना तसा लाभ होत नाही, हे २०१६ सालच्या प्रयोगाने दाखवले. मोजल्याशिवाय यंत्र विकत घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय. आणि आवश्यक असता न घेणे म्हणजे आयुष्याचा.

चौथे, औषधाविषयीचा संकोच जातो. ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजापायी अनेकजण पोटात घ्यायच्या गोळ्यांवर दिवस काढतात. पंपातून औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते. मात्र तो ओढण्याचे तंत्र डॉक्टरांसमोर करून पाहावे. अनेकांचे औषध छातीऐवजी घशातच राहते.

एका नाजूक गोष्टीचा उल्लेख येथे करणे उचित ठरेल. या विकारात वजन घटणे हे स्वतःच धोक्याचे चिन्ह आहे. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात दीर्घ उपवास करू इच्छिणाऱ्या रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोलावे. षोडशकारण भावनांमध्ये तपाला ‘शक्तितस्तप’ असे म्हटले आहे. आपली शक्ती नेमकी किती, हे जाणून घेणे त्या भावनेला धरूनच आहे.

समारोप

सज्जनहो, या परीक्षांना लागते काय? फुंकरीसाठी एक लहान यंत्र आणि ते नीट वापरणारा तंत्रज्ञ. चालीसाठी तीस मीटर जागा, मोजपट्टी, दोन खुर्च्या, घड्याळ आणि देखरेखीस डॉक्टर. समाजाच्या सभागृहांत रक्तदाबाची व मधुमेहाची शिबिरे नित्य होतात. त्यांत श्वासाच्या तपासणीची भर घालणे अवघड नाही. पंच्याहत्तरीच्या आजोबांबरोबर चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजींना, दुकानात व मागावर धुळीत राबणाऱ्या मदतनीसांना आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांनाही तेथे आणावे. ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, त्यांनी मात्र फुंकरीच्या आधी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

तोपर्यंत प्रत्येक घरात एक गोष्ट आजच करता येईल. घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्या वर्षी जेथपर्यंत चालत जात होती, तेथपर्यंत यंदा जाते का, हे पाहावे. जात नसेल, तर ‘वय झाले’ हे उत्तर लगेच स्वीकारू नये. तिच्याबरोबर मंदिरापर्यंत तिच्या गतीने चालत जावे, ती कोठे थांबते हे लक्षात ठेवावे आणि ते ठिकाण डॉक्टरांना सांगावे.